आवाज न चढवता

कराडच्या ज्या माध्यमिक शाळेत हर्षदा मुळीक शिकवत होती, तिथे जीवन व व्यवसाय कौशल्यांचा तास कुणी फारसा मनावर घेत नसे. गणिताचा भाग मागे राहिला की गणिताचे सर तो मागून घ्यायचे. गॅदरिंग जवळ आलं की तो नाच बसवायला जायचा. हर्षदा दर वेळी मुख्याध्यापक डांगे सरांच्या खोलीत जाऊन भांडायची आणि तास परत मिळवायची.

तिचं म्हणणं साधं होतं. आसपासच्या गावांतून येणारी मुलं हुशार होती, मार्क चांगले होते, पण मुलाखतीच्या खुर्चीत बसली की त्यांची वाचा बसायची. समोरचा जरा चढ्या आवाजात बोलला तरी तळहात भिजायचे, मान खाली जायची आणि येत असलेलं उत्तर घशातच राहायचं. तिचा धाकटा भाऊ इंजिनिअर होऊन असाच एकेक मुलाखत हरत गेला आणि शेवटी प्रयत्न करायचंच त्याने सोडून दिलं. हे शिकवता आलं पाहिजे असं तिला मनापासून वाटायचं. ती शिकवायचीही. पण आठवड्यातला एक तास, वर्गात साठ मुलं. वर्षाअखेरीस दोन-चार मुलं मान वर करून बोलायला लागली तरी पुष्कळ, अशी गत होती.

त्यामुळे पट्टी शाळेत आली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिलाच झाला.

पट्टी दिसायला मुली केसांना लावतात त्या बँडसारखी होती. कपाळाच्या बाजूला मेंदूच्या लहरी टिपणारे पातळ संवेदक होते आणि एका टोकाला कानाच्या खोलगट भागात बसणारी छोटीशी गोळी. ती बनवणाऱ्या संस्थेच्या डॉ. मैथिली ओगले पुण्याहून शिक्षकांना समजावून सांगायला आल्या होत्या. बाई शांत होत्या, बढाई मारणाऱ्यांपैकी नव्हत्या. त्यांनी सायकलचं उदाहरण घेतलं.

सायकल शिकताना आपण पडतो, पुन्हा चढतो. पुष्कळ वेळा चुकतो आणि एखाद्या वेळी तोल बरोबर साधतो. यातलं ठेवायचं काय आणि टाकायचं काय हे मेंदूला लगेच कळत नाही, म्हणून शिकायला वेळ लागतो. आपल्या कानापर्यंत एका मोठ्या मज्जातंतूची एक फांदी आलेली असते. त्या तंतूचं दुसरं टोक थेट मेंदूच्या बुडाशी. कानातल्या त्या फांदीला विजेचा अगदी हलका स्पर्श केला, तर मेंदूत काही रसायनं पाझरतात आणि त्या क्षणी माणूस जे करत असेल ते मेंदू घट्ट धरून ठेवतो. पट्टी एवढंच करते. मूल बरोबर वागलं की त्याच क्षणी मेंदूला खूण करते, हे ठेव. बाहेरून आत काही घालत नाही. सराव मुलाचाच असतो, फक्त वर्षाचा सराव पंधरवड्यात मुरतो.

सराव कसला, तर मुलाखतीचा आणि कामाच्या जागेचा. पडद्यावर एक खेकसणारा अधिकारी यायचा, कधी अन्याय करणारा वरिष्ठ, कधी भांडखोर गिऱ्हाईक. मुलाची छाती धडधडायला लागायची. नेमक्या त्या क्षणी त्याने श्वास लांबवायचा, आवाज खाली आणायचा, समोरच्याचं आधी ऐकून घ्यायचं आणि मग आपलं म्हणणं मुद्देसूद मांडायचं. जमलं की कानात अगदी बारीक मुंगी आल्यासारखं व्हायचं. डॉ. ओगले म्हणाल्या की यात छातीची धडधड महत्त्वाची. तीच घंटा. काही दिवसांनी धडधड सुरू झाली की शांतपणाही आपोआप सुरू होतो, मुलाला आठवावं लागत नाही.

काय शिकवायचं हे पट्टीवाल्यांनी ठरवलं नव्हतं. त्यासाठी सरकारने नेमलेली समिती होती, आणि समितीने शेकडो कंपन्यांना विचारलं होतं की तुम्हाला कशी माणसं हवीत. उत्तर सगळीकडून साधारण एकच आलं होतं. न घाबरणारी, न चिडणारी, ऐकून घेणारी. अडचण असेल तर योग्य माणसाला, योग्य वेळी, योग्य शब्दांत सांगणारी. हर्षदाला त्यात वावगं काही दिसलं नाही. ती इतकी वर्षं हेच तर शिकवत होती.

पालक सुरुवातीला कचरत होते. तेव्हा हर्षदाने सभेत सांगितलं की पहिल्या तुकडीत माझी मुलगी बसेल. त्यावर सगळे हात वर झाले.

तिची मुलगी शाल्मली नववीत होती. ती घरात आहे की नाही हे खालच्या मजल्यावरच्यांना विचारलं असतं तरी समजलं असतं. हसायची ती घर डोक्यावर घेऊन आणि भांडायचीही तशीच. आईशी वाजलं की दार आपटायची, भोकाड पसरायची, आणि थोड्या वेळाने डोळे पुसत बाहेर येऊन खायला काय आहे म्हणून विचारायची. तिचा बाप महेश वीज कंपनीत होता. ही आमच्या आईवर गेली आहे असं तो कौतुकाने म्हणायचा. हर्षदाला कौतुक कमी आणि काळजी जास्त वाटायची. अशा स्वभावाच्या मुलीला कोण नोकरीवर ठेवील, हा तिचा प्रश्न असायचा.

शाल्मलीची मैत्रीण कादंबरी डुबल अगदी उलटी. वर्गात हजेरी देतानासुद्धा तिचा आवाज फुटायचा नाही. तिची आई वैशाली शिलाईकाम करायची. वडील नव्हते. या दोघींचं कसं जमलं याचं सगळ्यांना नवल वाटायचं, पण जमलं होतं. शाल्मली कादंबरीच्या वाटचंही भांडायची आणि कादंबरी शाल्मलीच्या वाटचाही अभ्यास करायची.

पट्टीचा गुण आधी कादंबरीत दिसला. पंधरवडा संपला तशी ती फळ्यापाशी उभी राहून वर्गाला प्रकल्प समजावून सांगायला लागली, न अडखळता. पुढे जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ती पहिली आली. वैशाली पेढे घेऊन शाळेत आली आणि हर्षदाचे हात धरून म्हणाली, "बाई, माझ्या पोरीला तुम्ही तोंड दिलंत." त्या दिवशी हर्षदाला आपल्या नोकरीचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

शाल्मलीतला बदल हळूच आला. दोघी मैत्रिणींनी सायकलने कोयनेच्या बाजूला सहलीला जायचा बेत केला होता आणि हर्षदाने तो साफ मोडून काढला. आता आदळआपट होणार म्हणून ती तयारीत होती. शाल्मलीने तिचं सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली की आई, तुझी काळजी मला समजते, तुला सवड असेल तेव्हा माझं म्हणणं एकदा मांडते. आणि ती अभ्यासाला निघून गेली.

"भांडली नाही," महेश म्हणाला.

हर्षदाने बरंच झालं म्हटलं. तो हो म्हणाला, पण बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिला.

पुढे एकदा हर्षदा शाळेतून वैतागून आली होती. तिने कुठलीशी चूक शाल्मलीच्या माथी मारली आणि बोलू नये ते बोलली. चूक शाल्मलीची नव्हती, ते तिलाही आतून माहीत होतं. शाल्मलीचा ओठ थरथरला. डोळे भरून आले. मग हर्षदाच्या देखत तिचा श्वास लांब झाला, खांदे खाली आले आणि चेहरा एकसारखा झाला. दुधावर साय धरावी तसा.

"आई, तू दमलेली दिसतेस," ती म्हणाली. "आपण थोड्या वेळाने बोलू या का?"

हे वाक्य हर्षदाचंच होतं. धड्यासाठी तिनेच ते आपल्या आवाजात रेकॉर्ड करून दिलं होतं. ती खुर्चीत बसली आणि तिला काय वाटतंय हे तिलाच नीट कळेना. मुलगी चुकीचं काही बोलली नव्हती. तक्रार करायची तर कशाची?

महेशला ती तक्रार नेमकी कळत होती. तो एवढंच म्हणाला की हल्ली घरात पाहुणी राहायला आल्यासारखं वाटतं. हर्षदाने त्याला समजावलं की मुली या वयात अशाच गंभीर होतात. आधी या घरात असे विषय बोलून, ओरडून मोकळे व्हायचे, आता ते तसेच राहू लागले होते.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना कामाच्या जागेचा अनुभव द्यायचा होता. शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत दूध आणि आइस्क्रीमचा एक कारखाना होता, तिथे शाल्मली, कादंबरी आणि आणखी काही मुलं जाऊ लागली. शाल्मली पॅकिंगच्या मोठ्या हॉलमध्ये, कादंबरी त्यामागच्या थंड खोलीत, मालाची नोंद ठेवायला. कारखान्याचे लोक मुलांवर खूश होते. अशी समंजस पोरं आम्ही बघितली नाहीत, असा त्यांचा फोन डांगे सरांना आला होता.

असल्या कारखान्यात गारवा अमोनियावर चालतो. तो वायू पाइपांतून फिरत राहतो आणि खोल्यांतली उष्णता ओढून घेतो. तो थोडा जरी सुटला तरी नाकाला झोंबतो, आणि माणूस विचार न करता मागे सरतो. निसर्गाने तशी सोयच करून ठेवली आहे.

त्या दिवशी काय घडलं ते नंतर शाल्मलीनेच सगळ्यांना सांगितलं, आणि तिच्याइतकं नीट दुसऱ्या कुणाला सांगताही आलं नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर कादंबरीच्या नाकाला वास झोंबला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती थंड खोलीतून बाहेर आली आणि सुपरवायझरकडे गेली. तो फोनवर बोलत होता. त्याचं बोलणं संपेपर्यंत ती बाजूला उभी राहिली. मग तिने सांगितलं की सर, आतल्या खोलीत वास येतो आहे, डोळे चुरचुरताहेत, एकदा बघून घ्यावं असं मला वाटतं. सुपरवायझरला तो वास रोजचाच होता. पोरगी घाबरलेली असती, रडवेली असती, तर कदाचित तो उठला असता. ती हवामानाची बातमी द्यावी तशी बोलत होती. त्याने बघतो म्हणून सांगितलं आणि तिला आपल्या जागेवर जायला सांगितलं. तिने आभार मानले आणि ती परत गेली.

जाताना ती शाल्मलीपाशी थांबली. शाल्मलीचेही डोळे झोंबत होते. तिने विचारलं, आणि कादंबरी म्हणाली, "मी सांगितलंय. ते बघताहेत." शाल्मलीने मान डोलावली. दोघींच्याही छातीत धडधडत असणार. पण ती धडधड आता दुसऱ्याच कामाला लागलेली होती.

थोड्याच वेळात आतला एक व्हॉल्व्ह तुटला. पांढरा लोट दारातून बाहेर आला. पॅकिंगवर काम करणारी एक बाई जिवाच्या आकांताने ओरडली आणि हॉलमधली माणसं दिसेल त्या वाटेने धावली. शाल्मली उभीच होती. इमारतीतून बाहेर पडण्याची सूचना कोण देतं आहे हे ती बघत होती. त्या बाईने धावता धावता तिच्या दंडाला धरून तिला ओढत बाहेर नेलं. म्हणून शाल्मली वाचली.

कादंबरी आत होती. तिला बाहेर काढलं तेव्हा श्वास चालू होता. काही दिवस ती दवाखान्यात नळ्यांखाली पडून राहिली. वैशाली काचेच्या दाराबाहेर बसून होती, हर्षदा तिच्या शेजारी. डॉक्टर रोज येऊन फुप्फुसांबद्दल सांगायचे आणि रोज त्यांचे शब्द कमी होत गेले. एका दुपारी कादंबरी गेली.

अंत्यसंस्कारानंतर हर्षदा शाल्मलीला घेऊन वैशालीच्या घरी गेली. खोलीत नात्यातल्या बायका बसल्या होत्या. शिलाई मशीनवर कुणीतरी चादर टाकली होती. शाल्मली वैशालीसमोर गुडघे टेकून बसली आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "काकू, तुमच्या दुःखाची मला कल्पना आहे. कादंबरी फार चांगली मैत्रीण होती. तुम्हाला काही लागलं तर मी आहे."

बोलण्यात काही खोट नव्हती. एकेक शब्द जागच्या जागी होता. वैशाली तिच्या कोरड्या डोळ्यांकडे बघत राहिली.

"तुम्ही दोघी तिथं होता," ती म्हणाली. "वास येत होता. मग बोंब का मारली नाहीस गं? तुला तोंड नव्हतं? तिला नव्हतं?"

आणि तिने शाल्मलीच्या थोबाडीत मारली. बायका पुढे धावल्या. शाल्मलीचा गाल लाल झाला होता. हर्षदाने पाहिलं, मुलीचा श्वास लांब झाला, खांदे खाली आले.

"तुमचा राग मी समजू शकते, काकू," शाल्मली म्हणाली.

तेव्हा वैशालीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि या पोरीला इथून न्या, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

चौकशी झाली. शाल्मलीची साक्ष ऐकून चौकशी अधिकारी थक्क झाले. इतकं स्वच्छ निवेदन मोठ्या माणसांकडूनही मिळत नाही, असं ते हर्षदाला कौतुकाने म्हणाले. ठपका व्हॉल्व्हची देखभाल न करणाऱ्यांवर आणि सुपरवायझरवर आला, आणि तो खोटा नव्हता. मुलांबद्दल अहवालात लिहिलं की त्यांनी कुठेही गोंधळ केला नाही, धोक्याची माहिती योग्य व्यक्तीला वेळेत दिली आणि प्रसंगी संयम राखला. हर्षदाने पट्टीचा विषय काढून बघितला. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की मॅडम, मुलीने सांगितलं होतं की नाही? सांगितलं होतं. मग मुलीकडून राहिलं काय? या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या अहवालात बसेल अशा शब्दांत तिला देता येईना.

एका रविवारी सकाळी शाल्मली स्वयंपाकघरात आली. हर्षदा भाजी निवडत होती. शाल्मली तिच्या शेजारी खाली बसली आणि तीही भाजी निवडू लागली.

"आई, मला कादूसाठी रडायचंय," ती म्हणाली.

हर्षदाच्या हातातली जुडी तशीच राहिली.

शाल्मली सांगत गेली, सावकाश, दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तशी. कादू आठवते. घशाशी येतं. छातीत धडधड होते, आणि तेवढ्यात थांबतं. कुणीतरी नळ बंद करावा तसं. मग सगळं शांत होतं, आणि त्या शांततेत मला बरं वाटतं, आणि बरं वाटतं त्याची मला लाज वाटते. पण लाज वाटायला लागली की तीही थांबते.

हर्षदाने तिला छातीशी ओढलं. ती स्वतः रडत होती. शाल्मलीने आईच्या कमरेला मिठी मारली आणि घट्ट धरून ठेवली. क्षणभर तिचं अंग हुंदका यावा तसं हललं. हर्षदा मनात म्हणत होती, ये, बाहेर ये. मग पाठीवरून फिरणाऱ्या हाताला श्वास लांबत गेलेला कळला. शाल्मलीने डोकं वर केलं आणि आईचे डोळे आपल्या ओढणीने पुसले.

महेश दारात उभा होता. तो आत आला नाही.

दुसऱ्याच दिवशी हर्षदा पुण्याला गेली. डॉ. ओगलेंनी तिला टाळलं नाही, चहाही समोर गार होऊ दिला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हे आम्हाला दिसायला हवं होतं, असं त्या स्वतःहून म्हणाल्या. भीतीची धडधड आणि मुलाखतीची धडधड शरीराला एकच असते. आम्ही तिला एकच वाट करून दिली, आणि ती वाट इतकी रुळली की बाकीच्या बुजल्या.

"मग ती मोडा," हर्षदा म्हणाली. "जसं घातलं तसं काढा."

"काही घातलेलं असतं तर काढलं असतं," डॉ. ओगले म्हणाल्या. "हे तिने शिकलेलं आहे. तुम्हाला सायकल येते ना? आता ती येऊ नये म्हणून प्रयत्न करून बघा."

काळाने काही फरक पडेल का, असं हर्षदाने विचारलं. डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही. सायकल वर्षानुवर्षं हातात धरली नाही तरी येते, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या हातात एकच गोष्ट होती. जुनं पुसता येत नसलं तरी त्याच्या शेजारी नवं शिकवता येईल. धोका ओळखायला आणि ओरडायला. पट्टीनेच.

परत आल्यावर हर्षदाने डांगे सरांना पालकांची सभा घ्यायला लावली. ती उभी राहिली आणि पट्टी बंद करा म्हणाली. आपल्या मुलीचं तिने सगळं सांगितलं. बोलताना तिचा आवाज फाटत होता, मधेच ती थांबत होती. लोक माना खाली घालून ऐकत होते. कुणालाही कादंबरीचं वाईट वाटलं नव्हतं असं नाही. पण मागच्या रांगेतला एक बाप उठला. त्याचा थोरला मुलगा कॉलेजात पट्टी लावूनच नुकताच पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत लागला होता, धाकटी मुलगी आठवीत होती.

"मॅडम, तुम्हाला दुखावायचं नाही," तो म्हणाला. "पण आता सगळ्या तालुक्यात पट्टी आली आहे. मुलाखतीला बाकीची पोरं शांत बसणार आणि माझी एकटी थरथरणार. मी तिला काय म्हणून सांगू? घाबर, ते चांगलं असतं म्हणून?"

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. त्याची गरजही नव्हती. हर्षदाला आपला भाऊ आठवला आणि ती खाली बसली. सभेने पट्टी चालू ठेवायचं ठरवलं, आणि सुरक्षेचा नवा धडा लवकर सुरू व्हावा अशी मागणी केली. डांगे सरांनी तिला बाजूला घेऊन विचारलं की तो धडा तुम्ही घेणार नसाल तर दुसऱ्या कुणाला सांगू का. राजीनामा तिच्या ओठांवर आला होता. पण दुसरा कुणी शिकवणारच होता, आणि शाल्मली त्याच्यासमोर बसणारच होती. ती म्हणाली, मीच घेते.

नवा धडा उन्हाळ्याच्या तोंडावर आला. यात छातीच्या धडधडीचा उपयोग नव्हता, ती वाट आधीच गेलेली होती. म्हणून समितीने धोके ठरवून दिले होते. गॅसचा वास, धूर, जळणाऱ्या वायरचा वास, भिंतीला पडत जाणारी भेग, अंगावर येणारा माणूस. एकेक धोका दाखवायचा, मुलाने ठरलेले शब्द ठरलेल्या मोठ्या आवाजात ओरडायचे आणि ठरलेल्या दिशेने धावायचं. जमलं की कानात ती बारीक मुंगी. हर्षदाने डॉ. ओगलेंना फोन करून विचारलं होतं की यात नसलेलं काही समोर आलं तर मूल काय करील? डॉक्टर म्हणाल्या की धोक्यांची संख्या वाढवता येईल.

सकाळच्या उन्हात मुलं मैदानावर रांगेने उभी होती. प्रत्येकाच्या कपाळावर पट्टी. प्रात्यक्षिक दाखवायला शाल्मली पुढे आली, कारण हा धडाही तिलाच सगळ्यांच्या आधी जमला होता. हर्षदाने वासाची छोटी बाटली उघडून तिच्या नाकाजवळ धरली.

"गॅस! बाहेर पळा!"

असा आवाज हर्षदाने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. लिंबावरचे कावळे उडाले. कुंपणापलीकडच्या रस्त्यावर एका माणसाने स्कूटर थांबवली. हर्षदाच्या छातीत धस्स झालं, हातातली बाटली खाली पडली आणि काही कळायच्या आत ती मुलीला कवेत घ्यायला धावली. ही आपली शाल्मली होती, दार आपटणारी, घर डोक्यावर घेणारी. त्या एका क्षणात तिला खरंच तसं वाटलं.

शाल्मली नेमून दिलेल्या दिशेने धावत जाऊन चुन्याच्या रेघेपाशी थांबली होती. तिला धाप लागली नव्हती. तिने पडलेल्या बाटलीकडे पाहिलं, मग आईकडे.

"बरोबर आलं का, आई?" तिने खालच्या आवाजात विचारलं.

हर्षदाने मान हलवली, बाटली उचलली आणि पुढच्या मुलीचं नाव पुकारलं.